इंजिनाचे भाग बनवणारा कारखाना विजेच्या वाहनांकडे वळत असताना युनियनने व्यवस्थापनाबरोबर संयुक्त समितीत बसावे का?

चाकण_सरचिटणीस

नमस्कार. मी चाकण औद्योगिक क्षेत्रातील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात ग्राइंडिंग विभागात काम करतो आणि तेथील युनियनचा सरचिटणीस आहे. दुचाकी आणि तीनचाकी वाहनांच्या इंजिनांना लागणारे क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट आमच्याकडे तयार होतात. कायम कामगार साडेतीनशेच्या आसपास आहेत. कंत्राटी आणि शिकाऊ कामगार मिळून त्यांच्याहून थोडे अधिक भरतील.

व्यवस्थापनाने नुकतेच युनियनला एक पत्र दिले. पुढील तीन वर्षांत क्रँकशाफ्टच्या लाइन टप्प्याटप्प्याने बंद करायच्या, त्या जागी विजेच्या वाहनांच्या मोटरचे शाफ्ट आणि गिअर बनवणारी लाइन उभारायची, यंत्रावर माल चढवण्या-उतरवण्याचे काम रोबोकडे द्यायचे आणि या सगळ्यासाठी युनियन व व्यवस्थापन यांची संयुक्त समिती नेमायची, असा त्या पत्राचा आशय आहे. विभागांतर्गत बदल्या, उत्पादनाचे नवे नॉर्म आणि कामाच्या वर्गवारीतील बदल यांना युनियनने सहकार्य करावे, ही अपेक्षा त्यात स्पष्ट लिहिली आहे. नोकरीच्या हमीबद्दल मात्र पत्रात एकही ओळ नाही; ‘शक्यतो कोणालाही घरी बसवणार नाही’ एवढे बैठकीत तोंडी सांगण्यात आले.

आमच्या सभासदांत यावरून दोन तट पडले आहेत. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बऱ्याच जणांचे म्हणणे असे की, समितीत बसणे म्हणजे आपल्याच कपातीच्या कागदावर सही करण्यासारखे आहे आणि उद्या स्वेच्छानिवृत्तीची योजना आली की युनियनला तोंड उघडायला जागा उरणार नाही. तरुण सभासद म्हणतात की इंजिनाचे काम कमी होणार हे डोळ्यांसमोर दिसते आहे. आपण नकार दिला तर नवी लाइन दुसऱ्या राज्यातील जागेवर जाईल आणि आपल्याकडे फक्त जुनी यंत्रे उरतील. मला दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे वाटते आणि म्हणूनच निर्णय अवघड झाला आहे. आमच्या वेतनकराराची मुदतही याच वर्षी संपते आहे.

माझा प्रश्न असा आहे: उद्योगात मोठा बदल होत असताना युनियनने मालकांशी सहकार्य केल्याची जी प्रत्यक्ष उदाहरणे आहेत, त्यांत युनियनने कोणत्या टप्प्यावर चर्चेत प्रवेश केला, लेखी काय मिळवले आणि काय गमावले? ज्यांनी असे करार जवळून पाहिले आहेत त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.


निवृत्त_बँक_कर्मचारी_सोलापूर

तुमच्या प्रश्नाला मी बँकांच्या संगणकीकरणाचे उदाहरण देईन, कारण ते मी काउंटरच्या आतून पाहिले आहे. एका राष्ट्रीयीकृत बँकेत मी कारकून म्हणून लागलो तेव्हा प्रत्येक खात्याचे पान जाडजूड लेजरमध्ये हाताने लिहिले जात असे आणि सहामाही व्याज काढताना, लेजरचा मेळ बसवताना आम्ही रात्री उशिरापर्यंत शाखेत थांबत असू. संगणक येणार ही बातमी आली तेव्हा भीती अगदी साधी होती: ज्या कामासाठी दहा माणसे बसतात ते काम यंत्र करणार असेल, तर त्या दहा जणांचे काय?

बँक उद्योगाचे एक वैशिष्ट्य येथे लक्षात घ्यावे लागते. १९६६ च्या पहिल्या द्विपक्षीय करारापासून बँकांच्या वतीने इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचाऱ्यांच्या वतीने अखिल भारतीय संघटना एकाच टेबलावर बसून संपूर्ण उद्योगासाठी करार करत आल्या होत्या. त्यामुळे यंत्रांचा प्रश्न आला तेव्हा त्यावर बोलण्याची जागा आणि सवय दोन्ही बाजूंना आधीपासून होती. १९८३ मध्ये यांत्रिकीकरणाबाबत पहिला स्वतंत्र करार झाला, १९८७ मध्ये त्याच्या पुढचा आणि १९९३ मध्ये तिसरा. त्याच काळात डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या दोन समित्यांनी १९८४ आणि १९८९ मध्ये संगणकीकरणाचा आराखडा मांडला. शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची प्रगत यंत्रे, म्हणजे आम्ही ज्यांना एएलपीएम म्हणत असू ती, या आराखड्यातूनच आली.

या करारांचे मला महत्त्वाचे वाटते ते हे की, संघटनांनी ‘यंत्रे नकोत’ आणि ‘यंत्रे चालतील’ या दोन टोकांच्या मधली वाट करारात अक्षरशः कलमाकलमाने लिहून घेतली. कोणत्या प्रकारची यंत्रे, कोणत्या शाखांत, कोणत्या कामासाठी, ती चालवणार कोण आणि त्याला भत्ता किती, हे सगळे ठरले. १९९३ च्या कराराने दिवसाला ७५० किंवा त्याहून अधिक व्हाउचर (व्यवहारांच्या नोंदीची कागदपत्रे) हाताळणाऱ्या शाखांच्या संगणकीकरणाला वाट मोकळी केली. व्हाउचरची संख्या कोणालाही मोजता येत असल्यामुळे शाखा यादीत बसते की नाही यावर वाद घालण्याचे कारणच उरत नसे. तुमच्या समितीनेही ‘योग्य वेळी’, ‘गरजेनुसार’ अशा शब्दांऐवजी मोजता येईल अशी अट शोधावी.

हा तिसरा करार झाला तो २९ ऑक्टोबर १९९३ हाच दिवस बँक कर्मचाऱ्यांच्या पेन्शन कराराचाही आहे. भविष्य निर्वाह निधीतील मालकाच्या वाट्याऐवजी पेन्शन घेण्याचा पर्याय त्या करारातून आला आणि पुढे १९९५ च्या नियमांत उतरला. मला आज दरमहा जे मिळते ते त्यातूनच मिळते. संगणक आणि पेन्शन यांचे करार एकाच वेळी व्हावेत यात मला योगायोग दिसत नाही. बदलाला संमती देण्याची किंमत असते आणि ती एकरकमी उचलण्यापेक्षा पुढची तीस वर्षे टिकेल अशा स्वरूपात घ्यावी, हे त्या वेळच्या नेतृत्वाने ओळखले, असे माझे मत आहे.

आता गमावले काय, तेही सांगतो. संगणकामुळे नोकरीतल्या कोणाची कपात झाली नाही, पण कारकुनांची नवी भरती पुढे बरीच वर्षे जवळपास थांबली. २००० साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि तिच्यातून सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. जे नोकरीत होते त्यांचे करारांनी रक्षण केले; जे अजून नोकरीत यायचे होते त्यांच्या वतीने त्या टेबलावर कोणीच नव्हते. सोलापुरात वाणिज्य शाखेची पदवी घेऊन बँकेच्या जाहिरातीची वाट पाहत वय उलटून गेलेली मुले मी पाहिली आहेत. तुमच्याकडे निम्म्याहून अधिक माणसे कंत्राटी आणि शिकाऊ आहेत असे तुम्ही लिहिले आहे. रोबो ज्या कामासाठी येत आहेत ते माल चढवण्या-उतरवण्याचे काम बहुधा तीच माणसे करत असतील. त्यांच्याविषयी तुमच्या पत्रव्यवहारात काही आहे का?


गिरणगाव_अभ्यासक

वरील प्रतिसाद मोलाचा आहे, परंतु त्यातून सरळ निष्कर्ष काढू नये असे मला वाटते. बँका सरकारी मालकीच्या होत्या, शाखा वाढत होत्या, ठेवी वाढत होत्या. वाढत्या उद्योगात यंत्र आले तर माणसाला दुसऱ्या टेबलावर बसवता येते. ज्या उद्योगाचा मालच बाजारातून हटतो आहे तेथे गणित निराळे असते. तुमचा क्रँकशाफ्ट त्या दुसऱ्या प्रकारात मोडतो. म्हणून कापडगिरण्यांकडे पाहणे भाग आहे, आणि तेही मुंबईबरोबर अहमदाबादकडे.

मुंबईत यंत्र आणि माणूस यांच्या प्रमाणावरचा झगडा १९८२ च्या कितीतरी आधीचा आहे. १९२८ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर असा जो सार्वत्रिक संप झाला त्याच्या मुळाशी सुसूत्रीकरण होते: विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, सूत कातणाऱ्याने यंत्राच्या एकाऐवजी दोन बाजू पाहाव्यात आणि माणसे कमी करावीत. हा बदल कामगारांशी न बोलता वरून लादला गेला आणि लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन त्या संपातून उभी राहिली. मुंबईच्या गिरण्यांत पुढे जे अविश्वासाचे वातावरण पिढ्यान्‌पिढ्या राहिले त्याची सुरुवात येथे झाली, असे मी मानतो.

अहमदाबादची वाट वेगळी होती. १९१८ च्या संपात गांधीजींनी लवादाचा आग्रह धरला, १९२० मध्ये मजूर महाजन या गिरणी कामगारांच्या संघटनेची स्थापना झाली आणि तंटा आधी लवादापुढे न्यायचा ही रीत तेथे रुजली. मजूर महाजनाचे दीर्घकाळ चिटणीस राहिलेले गुलझारीलाल नंदा पुढे केंद्रीय कामगारमंत्री झाले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत जुलै १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सुसूत्रीकरणासंबंधी एक आदर्श समझोता मान्य झाला. किमान वेतनाच्या निकषांमुळे ही परिषद सगळ्यांना माहीत आहे, परंतु सुसूत्रीकरणाच्या अटी फारशा कोणी वाचत नाहीत. त्या अशा होत्या: कामावर असलेल्या कोणाचीही कपात होऊ नये आणि कोणाचीही कमाई घटू नये, बदलातून होणाऱ्या लाभात समाज, मालक आणि कामगार या तिघांचा न्याय्य वाटा असावा, कामाचा बोजा किती वाढतो हे दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे आणि कामाच्या ठिकाणच्या सोयी त्यानुसार सुधाराव्यात. तुमच्या समितीच्या मसुद्याची सुरुवात याच तीन अटींनी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. त्या सरकार, मालक आणि कामगार या तिन्ही पक्षांनी एकत्र मान्य केलेल्या आहेत, त्यामुळे त्यांना ‘युनियनची आडमुठी मागणी’ म्हणता येत नाही.

पण पुढे काय झाले ते पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि तो औपचारिकपणे कधी मागेही घेतला गेला नाही. मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटीचा हक्क ज्या संघटनेकडे होता तिच्यावर कामगारांचा विश्वास उरला नव्हता, आणि ज्या नेतृत्वावर विश्वास होता त्याच्याशी बोलण्यास मालक आणि सरकार तयार नव्हते. काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे आधीच सरकत होते; संपाच्या काळात ते आणखी वेगाने गेले. अहमदाबादेत असा संप झाला नाही, लवादाची परंपरा होती, सहकार्य होते. तरीही १९८० आणि १९९० च्या दशकांत तेथील गिरण्याही एकामागून एक बंद पडल्या आणि हजारो कुटुंबे रस्त्यावर आली.

यातून मला जे दिसते ते स्पष्ट लिहितो. सहकार्याने गिरण्या वाचल्या नाहीत आणि संघर्षानेही वाचल्या नाहीत, कारण नव्या यंत्रांत भांडवल घालायचे की नाही हा निर्णय कोणत्याही टेबलावर आलाच नाही. मुंबईत तर गिरणीच्या जमिनीची किंमत गिरणीच्या उत्पादनापेक्षा मोठी ठरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे जमिनीचे तीन वाटे होऊन त्यांतले दोन महापालिका आणि म्हाडाकडे जायचे होते; २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब केवळ मोकळ्या जमिनीपुरता मर्यादित केला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. म्हणून तुमच्या व्यवस्थापनाला पहिला प्रश्न हा विचारा की नव्या लाइनची यंत्रसामग्री नेमकी याच आवारात, किती रकमेची आणि कोणत्या तिमाहीत येणार आहे. यंत्रांच्या खरेदीची ऑर्डर दाखवायला ते तयार नसतील, तर ती समिती बदलासाठी नसून बंद करण्यासाठी आहे असे समजायला जागा आहे.


योतेबोरीहून_एक_अभियंता

मी मूळचा कोल्हापूरचा. गेली काही वर्षे स्वीडनमध्ये वाहन उद्योगात काम करतो आणि येथील युनियनचा सभासद आहे. येथील पद्धत तशीच्या तशी चाकणला लागू होणार नाही याची मला जाणीव आहे, पण दोन गोष्टी तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळच्या आहेत.

पहिली गोष्ट टप्प्याची. १९७६ च्या सहनिर्णय कायद्याप्रमाणे कामाच्या ठिकाणी मोठा बदल करायचा असेल तर मालकाने निर्णय घेण्याच्या आधी स्वतःहून युनियनला वाटाघाटीसाठी बोलवावे लागते. युनियनला नकाराधिकार नाही. चर्चा पूर्ण झाल्यावर अंतिम निर्णय मालकच घेतो. तरीही फरक पडतो, कारण निर्णय होण्यापूर्वी कागद युनियनच्या हाती येतात, पर्याय मांडता येतात आणि त्यातले काही स्वीकारले जातात.

दुसरी गोष्ट नोकरी गेल्यानंतरची. मालक आणि कर्मचारी संघटनांनी करार करून १९७४ मध्ये कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी आणि २००४ मध्ये कारखान्यातील कामगारांसाठी ‘सुरक्षा मंडळे’ उभी केली. कंपन्या आपल्या एकूण पगारखर्चाच्या प्रमाणात वर्गणी भरतात आणि ज्याची जागा रद्द होते त्याला सल्लागार, प्रशिक्षण आणि नवी नोकरी शोधण्यासाठी मदत मिळते. ऑक्टोबर २०२२ पासून नोकरीत असतानाच नवे कौशल्य शिकण्यासाठी ४४ आठवड्यांपर्यंत, ठरावीक मर्यादेत पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत साहाय्य घेण्याची सोयही झाली आहे. येथील युनियन रोबोला फारसा विरोध करत नाहीत याचे कारण लोकांचा स्वभाव नसून ही व्यवस्था आहे. जागा गेली तरी माणूस बुडत नाही, याची खात्री आधी निर्माण केली गेली आणि ती मालक आणि कामगार संघटनांच्या १९३८ च्या साल्टशेबाडेन करारापासून हळूहळू घडत आली.

शेजारच्या जर्मनीत फोक्सवॅगनने १९९३ मध्ये सुमारे ३०,००० जागा वाचवण्यासाठी आठवडा २८.८ तासांवर आणला, हे आपण ऐकले असेल. पण त्याच कंपनीने १९९४ पासून चालत आलेली नोकरीची हमी सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली, आणि डिसेंबर २०२४ च्या नव्या करारात २०३० पर्यंत ३५,००० हून अधिक जागा कमी करण्याचे ठरले. सक्तीची कपात मात्र नाही आणि हमी २०३० पर्यंत पुन्हा लागू. देखरेख मंडळावर निम्मे सभासद कामगारांचे असूनही हे झाले. म्हणून तुम्ही जी हमी लिहून घ्याल तिला मुदत किती आणि ती मोडायची झाल्यास किती आधी सूचना द्यावी लागेल, हेही लिहून घ्या.


चाकण_सरचिटणीस

सर्वांचे मनापासून आभार. कंत्राटी कामगारांबद्दल जे विचारले गेले त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. आमच्या कोणत्याच पत्रात त्यांचा उल्लेख नाही. माल चढवण्या-उतरवण्याचे काम तेच करतात हेही खरे आहे. आता दोन गोष्टी विचारतो. नव्या कामगार संहितेत अशा बदलाबाबत युनियनच्या हाती नेमके काय आहे? आणि बावीस वर्षे क्रँकशाफ्ट घासणाऱ्या माणसाला नव्या लाइनवर खरोखर काम शिकवता येते का, की प्रशिक्षण हा फक्त कागदावरचा शब्द आहे?


माजी_कार्मिक_अधिकारी_नाशिक

मी नोकरीची बहुतेक वर्षे व्यवस्थापनाच्या बाजूने वेतनकरार केले आहेत. कायद्याच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो.

औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिने १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा घेतली. जुन्या कायद्याच्या कलम ९-अ मध्ये असलेली तरतूद संहितेतही आहे: सेवाशर्तींत ठरावीक प्रकारचे बदल करण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि ज्या सुसूत्रीकरणामुळे कपात होण्याचा संभव आहे ते या बदलांत मोडते. १०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत कार्य समितीची, म्हणजे मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींच्या समितीचीही तरतूद आहे. ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकमेव वाटाघाटी करणारी संघटना ठरते, तेव्हा आपली सभासद नोंदणी आधी पक्की करून घ्या.

तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आकडा ३०० हा आहे. ले-ऑफ (कामगारांना तात्पुरते काम न देणे), कपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची अट पूर्वी १०० कामगारांपासून लागू होती. ती आता ३०० पासून लागू होते. तुमचे कायम कामगार साडेतीनशे आहेत. स्वेच्छानिवृत्तीतून साठ माणसे गेली की कारखाना या अटीखालून बाहेर पडेल आणि त्यानंतर उरलेल्यांच्या कपातीला परवानगीची गरज उरणार नाही. तुमच्या व्यवस्थापनाचा असा हेतू आहे असे मी म्हणत नाही, पण संख्या ३०० च्या खाली गेली तरी पूर्वीचेच संरक्षण कराराने चालू राहील, हे कलम तुमच्या मसुद्यात असलेच पाहिजे. कपात झाल्यास नव्या संहितेनुसार पुनर्कौशल्य निधीतून प्रत्येकी १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम ४५ दिवसांत खात्यावर जमा व्हायची आहे. पंधरा दिवसांच्या पगारात कोणाचेही प्रशिक्षण होत नाही, त्यामुळे त्या तरतुदीवर विसंबून राहू नका.

करार कोणासमोर होतो यालाही महत्त्व आहे. समेट अधिकाऱ्यापुढील, म्हणजे तंट्यात मध्यस्थी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढील करार आस्थापनेतील सर्व कामगारांवर आणि नंतर येणाऱ्यांवरही बंधनकारक असतो, तर आपसातला करार सही करणाऱ्या पक्षांपुरताच राहतो. हे जुने तत्त्व संहितेतही कायम आहे. संयुक्त समितीच्या शिफारशींना स्वतःचे असे कायदेशीर बळ नसते. त्या वेतनकरारात आणल्या तरच त्यांना ते मिळते. तुमच्या कराराची मुदत संपते आहे ही अडचण नाही, ती तुमची सर्वांत मोठी संधी आहे.

येथे एक गोष्ट व्यवस्थापनाच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. गिरणगाव_अभ्यासक म्हणतात त्याप्रमाणे यंत्रांच्या ऑर्डर दाखवाव्यात हे योग्य आहे. पण ग्राहक कंपनीशी असलेले दर आणि नव्या मॉडेलची माहिती गोपनीयतेच्या कराराने बांधलेली असते. दोन युनियन प्रतिनिधींनी गोपनीयतेची लेखी हमी देऊन ती माहिती पाहावी, असा मार्ग मी स्वतः एका करारात वापरला होता आणि त्यातून विश्वास वाढला. जमशेदपूरला टाटा स्टील आणि टाटा वर्कर्स युनियन यांनी १९५६ च्या करारातून विभाग, कारखाना आणि कंपनी अशा तीन पातळ्यांवर संयुक्त परिषदा उभ्या केल्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाऊण लाखाच्या आसपास असलेली कामगारसंख्या पुढच्या दहा-बारा वर्षांत जवळपास निम्म्यावर आली, तरी तेथे गिरण्यांसारखी उलथापालथ झाली नाही. मुदतपूर्व निवृत्ती घेणाऱ्यांना एकरकमी पैशाऐवजी निवृत्तीच्या वयापर्यंत दरमहा रक्कम देण्याची योजना हे त्याचे एक कारण होते, आणि कागद उघडे ठेवण्याची चार दशकांची सवय हे दुसरे.


आयटीआय_निदेशिका_पुणे

प्रशिक्षणाच्या प्रश्नावर लिहिते. मी मशिनिस्ट आणि ग्राइंडर या व्यवसायांच्या प्रशिक्षणार्थींना शिकवते आणि कारखान्यांतील कामगारांचे अल्पमुदतीचे वर्गही घेते.

बावीस वर्षे क्रँकशाफ्ट घासलेल्या माणसाला मोटरचा शाफ्ट घासता येईल का? निःसंशय येईल, आणि नवशिक्यापेक्षा पुष्कळ चांगला. मायक्रॉनमधली मापे, घासण्याचे चाक कधी ड्रेस करायचे, म्हणजे त्याची धार कधी पुन्हा काढायची याचा अंदाज, आवाजावरून यंत्रातली गडबड ओळखणे, हे सगळे त्याच्या हातात आहे. विजेच्या वाहनात इंजिनाचा आवाज नसतो, त्यामुळे गिअरचा बारीकसा आवाजही प्रवाशाला ऐकू येतो आणि म्हणून दातांच्या पृष्ठभागाची अचूकता अधिक कडक लागते. तेथे अनुभवी ग्राइंडरची गरज वाढते. त्याला नव्याने शिकावे लागते ते सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या यंत्राच्या) प्रोग्राममधील दुरुस्त्या, मापनयंत्रांचे अहवाल वाचणे आणि रोबोच्या कक्षात सुरक्षितपणे वावरणे. कामाची पाळी सांभाळून रात्री वर्ग भरवले तर ही माणसे गळतात. पाळीच्या वेळेत, पूर्ण पगारावर आणि प्रत्यक्ष यंत्रावर शिकवले तर बहुतेक जण टिकतात. स्क्रीनवरच्या इंग्रजी सूचना मराठीत छापून यंत्राजवळ लावणे ही किरकोळ वाटणारी गोष्टही चाळिशीपुढच्या माणसाचा धीर वाढवते.

अडचण कायम कामगारांपेक्षा माल चढवणाऱ्या मुलांची मोठी आहे. त्यांच्याकडे बारावी किंवा आयटीआयचे प्रमाणपत्र असते, पण कारखान्यात त्यांना यंत्राला हात लावू दिला जात नाही, आणि तीन-चार वर्षांनी ते जसे आले तसेच बाहेर पडतात. त्यांतले बरेच जण मराठवाडा, विदर्भातून आलेले असतात. रोबो आला की सर्वांत आधी तेच जातील, आणि त्यांच्या हाती काहीच कौशल्य नसेल. रोबोची देखभाल, सेन्सर बदलणे, फिक्स्चर (माल पकडून ठेवणारा साचा) बसवणे ही कामे सहा महिन्यांच्या चांगल्या प्रशिक्षणाने यांच्यातलेच अनेक जण शिकू शकतात. नव्या लाइनवरील देखभालीच्या जागा भरताना आवारात आधीपासून काम करणाऱ्या कंत्राटी आणि शिकाऊ मुलांना पहिली संधी द्यावी, असे कलम युनियनने मागितले तर ते व्यवस्थापनालाही परवडणारे आहे, कारण बाहेरून आलेल्या माणसाला कारखाना समजायलाच वेळ लागतो.


चाकण_सरचिटणीस

वरील सर्व प्रतिसाद छापून मी कार्यकारिणीपुढे ठेवले. तीन तास चर्चा झाली आणि समितीत बसावे, पण अटींवर, असे बहुमताने ठरले. आमचा मसुदा आता असा आहे: समितीचे काम वेतनकराराचा भाग असेल आणि करार समेट अधिकाऱ्यापुढे होईल; नव्या लाइनच्या यंत्रांची ऑर्डर निघाल्याशिवाय जुन्या लाइनचे एकही यंत्र हलवले जाणार नाही; आजच्या कोणत्याही कायम कामगाराची कपात होणार नाही आणि कमाई घटणार नाही, मग संख्या ३०० च्या खाली गेली तरीही; नॉर्म दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तज्ज्ञाकडून ठरतील; प्रशिक्षण पाळीच्या वेळेत असेल. हमीची मुदत आम्ही सहा वर्षे मागत आहोत.

कंत्राटी मुलांच्या कलमावर मात्र आमच्यातच मतभेद झाले. काही सभासदांना वाटते की आपली ताकद आधी आपल्या हमीसाठी वापरावी. मी आणि आणखी चौघांनी ते कलम मसुद्यात ठेवण्याचा आग्रह धरला आहे. येत्या रविवारच्या सर्वसाधारण सभेत त्यावर मतदान होईल आणि सभेला त्या मुलांच्या दोन प्रतिनिधींना बोलण्यासाठी बोलावले आहे.


निवृत्त_बँक_कर्मचारी_सोलापूर

त्या दोघांना सभेत पहिल्यांदा बोलू द्या. मतदानाच्या तोंडावर बोलायला उभे केले तर लोक ऐकत नाहीत. आणि समिती सुरू झाली की प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त त्याच दिवशी, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन, मराठीत लिहून सूचना फलकावर लावण्याची अट मसुद्यात घाला. आमच्या शाखेत करारांचे अर्थ लावण्यावरून जे वाद झाले त्यांतले निम्मे, त्या दिवशी कोण काय म्हणाले हे कोणाकडेच लिहिलेले नव्हते म्हणून झाले.